पाणी शिळे होत नाही

वारजे,
रविवार, १ फेब्रुवारी

आई,

नमस्कार करते, घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. फोन केला की तुम्ही "हं, घे रे बद्री" म्हणून तो मामांच्या हातात देता. बद्रीमामा बिचारे माझी तब्येत विचारतात, पुण्याची हवा विचारतात, मग आम्ही दोघंही गप्प. म्हणून हे पत्र. हेही तुम्ही मामांच्या हातात द्याल, पण ते मोठ्यानं वाचून दाखवतील याची मला खात्री आहे.

पहिली गोष्ट, पाटी आहे तिथेच आहे. नळाच्या वर, डाव्या बाजूला. 'पाणी शिळे होत नाही. ते धरणात महिनोन्‌महिने असते.' घरातल्या माणसाला कुणी पाटी लावतं का, असं तुम्ही जाताना दत्ताला म्हणालात. पुण्यात लावतात. आमच्या माहेरी माझ्या काकांनी माझ्या आजोबांसाठी लावली होती, 'रेडिओचा आवाज रेडिओपुरता ठेवावा' म्हणून. आजोबांनी तिच्याखाली 'प्रयत्न चालू आहे' असं लिहिलं आणि दोघं जेवायला बसले. तुम्ही मात्र बॅग भरलीत. मी तोंडानं बोलले असते तर तुम्ही दोन बोलला असता, मी चार बोलले असते आणि संध्याकाळी आपण शेंगा सोलत बसलो असतो. लिहिलं म्हणून लागलं तुम्हाला, हे मला आत्ता कळतंय.

पण माझीही बाजू ऐका. सकाळी पालिकेचा नळ आला की तुम्ही कळशी, हंडा, तपेली, फिल्टर, सगळं मोरीत रिकामं करणार आणि नव्यानं भरणार. आदल्या दिवशीचं स्वच्छ, झाकलेलं पाणी. का, तर शिळं झालं. इकडे कपातीच्या बातम्या सुरू झाल्यात. आणि तुमची सून खराडीच्या ऑफिसात बसून दिवसभर काय करते, तर लोकांनी मोरीत ओतलेलं पाणी पुढे कुठे जातं त्याचा हिशेब.

"रुपाली नालीचा हिशेब करते," असं तुम्ही पाहुण्यांना सांगता, ते तसं बरोबरच आहे. कॉम्प्युटरवर एका भागातल्या ड्रेनेजच्या सगळ्या लाइनी काढायच्या. पाइप केवढा, उतार किती, चेंबर किती खोल. मग त्यात खोटं पाणी सोडायचं आणि कुठे तुंबतं ते बघायचं. त्याला मॉडेल म्हणतात. तसं केलं की खरा रस्ता उगाच खोदावा लागत नाही. सध्या माझ्याकडे आपलाच भाग आहे, आपली सोसायटी, मागची वस्ती, खालचा रस्ता, सगळं.

तळमजल्याच्या सुशीलाबाईंच्या न्हाणीतून सकाळी घाण पाणी वर येतं, ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच त्यांना फिनेल नेऊन द्यायचात. गंमत अशी, की माझ्या मॉडेलप्रमाणे त्यांच्या न्हाणीत पाणी येऊच शकत नाही. पाइप अर्धासुद्धा भरत नाही म्हणे. सुशीलाबाईंना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

दत्ता बरा आहे. भाजी मीच करते, मीठ तोच घालतो, मग दोघंही एकमेकांवर ढकलतो.

तुमची,
रुपाली


वारजे,
रविवार, ८ फेब्रुवारी

आई,

पत्र पोचल्याचं मामांनी कळवलं. "ताईनं दोनदा वाचून घेतलं, पण कायी बोलली नायी," असं म्हणाले. दोनदा, हे ऐकून मला बरं वाटलं.

ऑफिसात सगळी बोंब आहे. खालच्या रस्त्यावरच्या चेंबरमध्ये आम्ही एक मीटर सोडलाय, तो पाइपातून किती पाणी जातं ते लिहीत बसतो. मॉडेल म्हणतं, सकाळी पाणी हळूहळू वाढतं आणि हळूहळू उतरतं. मीटर म्हणतो, छे. काही नाही, काही नाही, आणि एकदम पाइप काठोकाठ. थोड्या वेळानं पुन्हा सामसूम. रोज तेच. पाऊस असता तर पावसावर ढकललं असतं, पण फेब्रुवारीत पाऊस कुठला.

माझ्याबरोबर धम्मदीप म्हणून एक इंजिनिअर आहे. मागे तुमच्या हातचे सांडगे डब्यातून पळवले ना, तोच. तो दोनदा स्वतः जाऊन मीटर तपासून आला. "मॅडम, मीटर ओके आहे. आपलंच काहीतरी गंडलंय," म्हणाला. आमचे मोठे साहेब म्हणाले, मीटर बिघडलाय, मॉडेलप्रमाणे रिपोर्ट करा आणि संपवा. म्हणजे काय होणार सांगते. रिपोर्टात लिहून जाणार की लाइन पुरेशी आहे, लोकच कचरा टाकून तुंबवतात. मग सुशीलाबाईंनी जन्मभर न्हाणी पुसत बसायचं, आणि वर बोलणीही त्यांनीच खायची. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

मग मला वाटलं, लोकांनाच विचारावं. फॉर्म छापले. 'नळ आल्यावर आपण साठवलेले पाणी टाकून देता का?' (हो, तुमच्यावरूनच सुचलं. रागावू नका.) शनिवारी मी आणि धम्मदीप दारोदार फिरलो. अहो, एक माणूस कबूल करेल तर शपथ. "आम्ही? तुम्हाला आम्ही तसे वाटतो का?" बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "आधी तुमच्या ऑफिसातली ठिबकणारी टाकी दुरुस्त करा, मग या." ते आमच्या ऑफिसात कधीही आलेले नाहीत, तरी टाकी ठिबकते हे त्यांना ठाऊक. मागच्या वस्तीतल्या यमुनाबाईंनी तर धम्मदीपला हातातला झाडूच दाखवला. पाणी टाकून देतो म्हणणारं एक घर निघालं नाही. मी मनात म्हटलं, अख्ख्या भागात पाणी ओतणाऱ्या एकट्या माझ्या सासूबाई, आणि त्याही आता मामांकडे पिंपळखुट्याला.

तुमच्या कढीपत्त्याची पानं गळतायत. दत्ता म्हणतो आई घालायची ते पाणी वेगळं असायचं. मी नळाचंच घालतेय.

तुमची,
रुपाली


वारजे,
रविवार, १५ फेब्रुवारी

आई,

हसू नका. आणि हसलात तर मामांना सांगून मला कळवा.

मंगळवारी सकाळी मी एकटीच ओट्याशी होते. नळ यायच्या आधी हवा फुसफुसते ना, तशी ती फुसफुसली. आणि माझा हात आपोआप कळशीकडे गेला, कळशी उचलली आणि सगळी मोरीत उपडी केली. पाटीच्या बरोबर खाली. मी कळशी हातात घेऊन तशीच उभी राहिले. अहो, तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहून माझ्या हाताला तुमची सवय लागली आणि मला पत्ताच नाही.

आणि तेवढ्यात ऐकू आलं. डक्टमधल्या पाइपातून धो धो पाणी चाललं होतं. वरचा मजला, त्याच्या वरचा, शेजारची विंग, सगळीकडून. सगळ्यांचा नळ एकाच वेळी फुसफुसला होता ना. थोड्या वेळानं खालून सुशीलाबाईंचा आवाज आला, "आलं गं बाई आलं!" मी तशीच गाऊनवर खाली पळाले. त्यांची न्हाणी भरलेली. त्या रागानं म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला सासू नाही, म्हणून त्याला कळलं नाही. त्यांना हसावं की रडावं कळेना.

आता मला खात्री होती, पण कबूल कोण करणार? म्हणून त्या रात्री दत्तानं तुम्हाला फोन केला तेव्हा मी त्याला चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला. स्पीकर चालू होता आणि मी शेजारीच होते, हे आता सांगून टाकते. त्यानं विचारलं, "आई, तू इथं पाणी टाकून द्यायचीस ना?" तुम्ही काय फणकारलात! "मी काहून टाकीन बाप्पा? पाणी काय टाकाची वस्तू हाय? मी शिळं ओततो."

तुमच्या या 'ओततो'ला मी लग्नानंतर वर्षभर हसायचे, की बाईमाणूस असून 'ओततो' काय. मंगळवारी मी हसले नाही. मी उठून दत्ताच्या डोक्यावर टपली मारली, कारण दुसरं कुणी जवळ नव्हतं.

टाकणं आणि ओतणं! प्रश्नच चुकला होता आमचा. टाकणं म्हणजे नासाडी, ती कोण कबूल करेल? शिळं ओतणं म्हणजे स्वच्छता, ती कोण नाकारेल? काल आम्ही पुन्हा त्याच दारांवर गेलो आणि नुसतं विचारलं, "शिळ्या पाण्याचं काय करता हो?" सगळ्या बायका एका सुरात, "ओततो की! मग काय शिळं पिणार?" यमुनाबाईंनी धम्मदीपला आत बोलावून पिंप दाखवलं, ते रोज कसं रिकामं करून घासतात तेही दाखवलं, वर चहा पाजला. प्राध्यापक म्हणाले, "शिळं पाणी आरोग्याला अपायकारक असतं, एवढंही तुमच्या ऑफिसला माहीत नाही?" धम्मदीपला घरी जाऊन आठवलं, त्याची आईसुद्धा हेच करते. "मॅडम, रोज डोळ्यांसमोर होतं," म्हणाला.

आमचं चुकलं कुठे सांगते. मॉडेलमध्ये लोकांची सकाळ भरावी लागते, म्हणजे किती वाजता किती पाणी मोरीत जातं ते. ती आम्ही तयार मिळाली तशीच घेतली होती. ज्या गावात नळाला दिवसभर पाणी असतं, तिथली सकाळ. कुणी आधी उठतं, कुणी नंतर, पाणी हळूहळू वाढतं. आपली सकाळ तशी नाहीच. आपली सकाळ नळाबरोबर सुरू होते. ओतणं, घासणं, मोरी धुणं, धुणं भिजवणं, सगळं एका दमात, सगळ्या घरांत.

आता मॉडेल नव्यानं चालवतेय. पाटीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमची,
रुपाली


वारजे,
बुधवार, २५ फेब्रुवारी

आई,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सोपी आधी सांगते.

मॉडेल जुळलं. तुमची सकाळ घातल्याबरोबर कॉम्प्युटरवरचा पाइप बरोबर मीटरसारखाच भरला, आणि सुशीलाबाईंच्या न्हाणीसमोरचा चेंबर लालभडक झाला, म्हणजे तुंबला. धम्मदीपनं टाळ्या वाजवल्या. अशा प्रत्येक सकाळीला मॉडेलमध्ये नाव द्यावं लागतं. मी 'वेणूबाई' असं दिलं. गंमत म्हणून दिलं होतं, बदलायचं राहून गेलं.

आणि काल पालिकेच्या मीटिंगमध्ये भिंतीवर केवढा तरी मोठा आलेख, आणि त्याखाली 'वेणूबाई, सकाळ'. पालिकेच्या मुख्य साहेबांनी चष्मा वर केला. "या वेणूबाई कोण? कुठल्या विद्यापीठाच्या?" आमचे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्या सासूबाई आहेत, सर." तर ते म्हणाले, "आमच्या मातोश्रीही हेच करतात. आम्ही बोलायची हिंमत करत नाही." पुढची पाच मिनिटं सगळे आपापल्या आयांबद्दलच बोलत होते. मीटिंग इतकी छान झालेली मी कधी पाहिली नाही.

ठरलं असं, की मोठा पाइप घालायची सध्या गरज नाही. म्हणजे आपल्यासमोरचा रस्ता खोदणार नाहीत. भागाचे दोन भाग करायचे आणि दोघांना वेगवेगळ्या वेळी पाणी सोडायचं. सगळे एकदम ओतणार नाहीत, म्हणजे पाइप एकदम भरणार नाही. कॉम्प्युटरवर चेंबर हिरवा झाला. खरं काय होतं ते मार्चमध्ये कळेल.

आता दुसरी गोष्ट.

काल रात्री जेवताना मी दत्ताला ही सगळी मीटिंग हसत हसत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "तुला माहीत आहे का आई का ओतते?" मी म्हटलं, सगळ्याच ओततात. तो म्हणाला, सगळ्यांचं मला माहीत नाही, आईचं सांगतो. तो लहान असताना हे सगळे पिंपळखुट्यालाच राहायचे, तिथं आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. पिंपात भरून ठेवायचं. वरचं पाणी पाहुण्यांना आणि त्याच्या वडिलांना, आबांना, मधलं पोरांना, आणि तळाचं, ज्यात बारीक अळ्या वळवळायच्या, ते फडक्यातून गाळून आई प्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, तीच तसं करायची. दत्ता म्हणाला, तो पुण्यात नोकरीला लागला आणि तुम्ही पहिल्यांदा त्याच्या खोलीवर आलात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा नळ आलेला पाहून तुम्ही भरलेली कळशी ओतलीत आणि एकट्याच हसत होतात. त्याला ते हसणं अजून आठवतं.

आई, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाण्याचा हिशेब करत होते. तुम्हाला राग आला तो पाटीचा नव्हता, हे मला काल जेवताना कळलं.

आणि आता तुम्ही त्याच पिंपळखुट्याला, त्याच पिंपाशी. मामांना विचारलं तर ते म्हणाले, अजूनही आठवड्यानंच येतं. मामींना सांगा, तळाचं पाणी तुम्हाला द्यायचं नाही. सांगणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. तुम्ही स्वतःच घेणार.

पाटी काढायला गेले होते. गोंद फार चांगला निघाला. निम्मी फाटली, आता नुसतं 'पाणी शिळे हो' एवढंच उरलंय.

तुमची,
रुपाली


वारजे,
रविवार, ८ मार्च

आई,

सुशीलाबाईंची न्हाणी कोरडी आहे. सोमवारपासून पाणी दोन वेळांना सोडतायत, आणि सोमवारपासून त्यांच्याकडे एक थेंब वर आलेला नाही. पहिल्या दिवशी त्या न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांचा विश्वासच बसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी घावनं करून आणली आणि म्हणाल्या, "वेणूबाईंना कळव, फिनेलची बाटली तशीच पडून आहे." मला इतकं बरं वाटलं आई, की काय सांगू. एवढी वर्षं मी कॉम्प्युटरवर पाइप हिरवे करतेय, खरी कोरडी न्हाणी पहिल्यांदाच पाहिली.

आता ऐका काय झालं ते. भागाचे दोन भाग मीच पाडले. कुठली इमारत आधी, कुठली नंतर, तेही मीच ठरवलं, चेंबरच्या सोयीनं. आपली इमारत नंतरच्या भागात गेली. त्यामुळे आपला नळ आता साडेनऊला येतो. मी खराडीला जायला आठला निघते. दत्ता तर माझ्याही आधी. म्हणजे नळ येतो तेव्हा घराला कुलूप!

हे माझ्या लक्षात सोमवारी संध्याकाळी आलं, अर्धीच उरलेली कळशी बघून. धम्मदीपला सांगितलं तर तो टेबलावर डोकं ठेवून हसला. तेव्हापासून रविवारी भरलेलं पुरवून पुरवून पितोय. वरच्या टाकीचं पाणी उकळतो, त्याला पत्र्याचा वास येतो. परवा कळशीच्या तळाचं पाणी राहिलं होतं. दत्तानं ते माझ्याकडे सरकवलं, मी त्याच्याकडे. शेवटी मी प्यायले. शिळं होतं, आई. पाणी शिळं होतं. धरणात महिनोन्‌महिने असलं तरी घरात एका आठवड्यात होतं.

आता नळासाठी माणूस पाहिजे म्हणून तुम्हाला बोलावतेय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. बाई ठेवता येईल, शेजारी किल्ली देता येईल, दत्तानं सगळे उपाय सांगून झालेत. मला ते नकोत. मला तुमची आठवण येते. सकाळी भांड्यांचा आवाज नसला की मला जागच येत नाही, आणि संध्याकाळी भांडायला घरात दत्ताशिवाय कुणी नाही. तो भांडत नाही, 'बरं' म्हणतो. त्यात काय मजा?

पाडवा एकोणीसला आहे. गुढी उभारायला तुम्ही हव्यात. बाकी तुमची मर्जी.

तुमची,
रुपाली

ता. क. कढीपत्त्याला एक फुटवा आलाय. मी काही केलेलं नाही, आपणहून आलाय.


पिंपळखुटा,
शुक्रवार, १३ मार्च

रुपाली,

तुही सारी पत्रं भेटली. बद्रीनं वाचून दाखोली. मीटिंगचं त्यानं आळीत जाऊन चार घरी वाचलं. आता मले लोक इद्यापीठवाल्या बाई म्हणतात.

मी रागावली नव्हती. रागावली होती. जाऊ दे.

दत्तानं तुले पिंपाचं काहून सांगतलं? तो लहान होता, त्याले काय समजते. तळाचं पाणी थंड राहते म्हणून मी पेत होतो.

एवढ्या मोठ्या हापिसात बसतं अन्‌ घरी कोण राहीन एवढं त्या कॉम्पुटरले इचारलं नाही. सुशीलाले सांग फिनेल वाया घालू नको, माह्या मोरीले लागते.

कढीपत्त्याले पाणी कोणतं घालत होतो ते तुले माहीत नाही. तपेलीतलं शिळं मोरीत नाही, त्याले जात होतं. तू मोरीच पाहत होती. आता कळशीचंबी त्यालेच घालू. तुह्या नालीलेबी बरं.

मंगळवारी राती गाडीत बसतो. बुधवारी सकाळी दत्ताले स्टेशनावर पाठव. नळाच्या आंधी घरी पोचतो.

फाटकी पाटी काहाडू नको. तिच्याखाली दुसरी लाव. मी सांगतो, बद्री पुण्याच्या भाषेत लिहून देते:

'शिळे पाणी कुंडीत ओतावे. शिळे भांडण मोरीत.'

अन्‌ कळशीत काही राहिलं असन तर तसंच राहू दे. पिऊ नको. मी येऊन ओततो.

आई